पिकअप तीच, महिना वेगळा: तासगाव तालुक्यातल्या एका गाडी खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार घराचं आहे. घराचं, गावाचं नाव देत नाही, गाडीची कंपनी आणि शोरूम पण नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या पिकअपबाबत होऊ शकतं. घरातल्या कर्त्या माणसाला आपण अण्णा म्हणू. मी मिरजेत गाड्यांच्या इन्शुरन्सचं काम करतो, त्यामुळे गाडी घ्यायची ठरल्यावर पॉलिसीच्या कोटेशनसाठी फोन मला आला आणि पुढचं सगळं जवळून बघायला मिळालं. घरच्यांना विचारून लिहितोय, पैशाचे आकडे तेवढे गोल केलेत.

पार्श्वभूमी

अण्णांची चार एकर द्राक्षबाग, त्यातला अर्ध्याहून जास्त माल बेदाण्याला जातो, बाकीचा व्यापाऱ्याला. जोडीला एक पिकअप, ती थोरला मुलगा चालवतो. जानेवारी ते एप्रिल घरचा आणि भावकीचा माल, एरवी भाडी: आटपाडीकडचं डाळिंब, गावातली भाजी, वाशी मार्केटच्या फेऱ्या. जुनी गाडी २०१४ ची होती. आठ वर्षं उलटली की मालवाहू गाडीचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो, त्यात इंजिनचं काम निघालं, म्हणून दसरा झाल्या झाल्या ती विकून टाकली आणि पाडव्याला म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला नवीन गाडी दारात लावायची असं घरात ठरलं.

टाइमिंग तसं बरोबर होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडीची मूळ किंमत ८ लाख धरली तर आधी ती १० लाख २४ हजाराला पडायची, आता ९ लाख ४४ हजाराला, म्हणजे सरळ ८० हजारांचा फरक. साहजिकच सांगली-मिरजेच्या शोरूमला जत्रेसारखी गर्दी.

आणि याच वर्षात, कुठलाही गाजावाजा न करता, अण्णांना जी गाडी पाहिजे होती तिच्यात कंपनीने बदल केले होते. मे-जूनच्या आसपास बनलेल्या गाड्यांपासून वरच्या व्हेरियंटला ड्रायव्हरची एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि पुढच्या दोन्ही कडेच्या सीटना बेल्ट लावला नाही तर वाजणारा अलार्म. नाव तेच, तोंड तेच, ब्रोशरवरचा फोटो पण तोच.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. प्रवासी कारला ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे, शेजारच्या सीटची आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना १ जानेवारी २०२२ पासून. भारत एनकॅप, म्हणजे टक्कर चाचणी करून गाडीला सुरक्षिततेचे स्टार देणारी योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, ती पण प्रवासी गाड्यांनाच. पिकअप कागदावर मालवाहू, एन-१ म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांपर्यंतच्या गटातली. तिला ना ही एअरबॅगची सक्ती ना स्टार. म्हणजे कंपनी स्वतःच्या मनाने, स्वतःच्या सोयीने, कुठल्यातरी महिन्यापासून, कुठल्यातरी व्हेरियंटला हे देणार, आणि घेणाऱ्याला ते शोधूनच काढावं लागणार. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य हायवेवर जातं त्याच्या गाडीला ही गत असावी हे मला पटत नाही, पण आज आहे ते असं आहे.

आणि मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवून चालत नाही हे कारच्या बाबतीतही दिसलंय. टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या अशाच चाचण्या घेणाऱ्या परदेशी संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये ४ स्टार दिले, मग कंपनीने गाडीत सुधारणा केल्या आणि त्याच डिसेंबरात तिला ५ स्टार मिळाले, पण ते ५ स्टार डिसेंबर २०१८ पासून बनलेल्या गाड्यांचे, आधीच्या नव्हेत. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं २०१५ मध्ये असंच झालं. मोठ्या चार दाराच्या केबिनला पुढच्या चाकांपाशी जास्तीचं मजबुतीकरण दिलेलं, ती टक्कर चाचणीत चांगली ठरली, आणि त्याच वर्षीची, त्याच नावाची लहान केबिनची गाडी मागे पडली कारण तिला ते दिलंच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या मॉडेलपासून तिलाही दिलं.

अडचण कुठे होती

शोरूममधल्या पोराने अण्णांना सांगितलं, "अण्णा, एक ऑक्टोबरपासून कायदाच बदललाय, आता जी गाडी येतीय ती सगळी सेफ्टीवालीच हाय." तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, त्याचीच सरमिसळ झाली होती. २०२५ मध्ये जो नियम लागू झाला तो ट्रकच्या केबिनमध्ये एसी बसवण्याचा, आणि तो पण एन-२ आणि एन-३ गटाला, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनाच्या वर असलेल्या गाड्यांना. दीड टन माल नेणारी पिकअप त्यात बसतच नाही, आणि त्या नियमाचा एअरबॅगशी काही संबंध नाही.

अण्णांनी ११ हजार भरून बुकिंग केलं. हा पहिला निर्णयाचा टप्पा, आणि तो कुणी निर्णय म्हणून घेतलाच नाही. बुकिंगच्या पावतीवर मॉडेलचं नाव आणि रंग होता. व्हेरियंट अर्धवट लिहिलेला, गाडी कधी बनलेली पाहिजे याबद्दल एक अक्षर नाही.

मी कोटेशनसाठी चासी नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख नंबर, मागितला तेव्हा तो कुणाकडेच नव्हता. मग त्यांची सूनबाई, जी घरचा सगळा हिशोब बघते, ती म्हणाली, "मामा, पैसे भरायच्या आधी आपण गाडीच बघून येऊ की." मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

यार्डात मी पण गेलो. गाडी धूळ खात उभी, टायर थोडे बसलेले. दाराच्या खांबावर जी चासीची पट्टी असते तिच्यावर बनल्याचा महिना एप्रिल २०२५. सूनबाईने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तळाशी शिवलेली बारीक लेबल असते तिच्यावर तारीख छापलेली असते, ती मार्चची. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, तो ११२५, म्हणजे २०२५ चा अकरावा आठवडा, पुन्हा मार्चच. स्टिअरिंगच्या मधल्या पॅडवर कंपनीचा लोगो होता पण एअरबॅग असली की तिथे एसआरएस एअरबॅग असं जे कोरलेलं असतं ते नव्हतं. चावी ऑन केली. एबीएस असेल तर मीटरमध्ये त्याचा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझतो, एअरबॅगचाही तसाच. ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. हे दोन लागलेच नाहीत. बेल्ट न लावता गाडी थोडी पुढे घेतली तर काही वाजलं पण नाही.

म्हणजे गाडी नवीन, मीटरवर किलोमीटर नावाला, किंमत नवीन, आणि आतून जुनी. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं की फीचर व्हेरियंटप्रमाणे बदलतात आणि कंपनी पूर्वसूचना न देता बदल करू शकते.

समोर कुठले पर्याय होते

पहिला, हीच गाडी घ्यायची. आम्ही महिना दाखवल्यावर शोरूमने ५० हजारांची सूट लगेच पुढे केली. थोरल्याचा कल इकडेच होता, कारण पाडवा साधतो, भाडी सुरू होतात आणि त्याचं म्हणणं, "इतकी वर्षं बिना एअरबॅगचीच चालवली ना." त्याचं चुकीचं नव्हतं, रोज रस्त्यावर असलेल्या माणसाला पन्नास हजार आणि महिनाभराची भाडी हे डोळ्यासमोर दिसतात, न झालेला अपघात दिसत नाही.

दुसरा, बदलानंतर बनलेली गाडी मागवायची. वाट पाच-सहा आठवड्यांची आणि तीही अंदाजे. किंमत पूर्ण. त्यावर जुलै २०२५ पासून राज्यात हलक्या मालवाहू गाड्यांना लागू झालेला किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर, इन्शुरन्स, हे सगळं मिळून रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाखाच्या पुढे.

तिसरा पर्याय मध्येच आला आणि काही दिवस तोच पक्का वाटत होता. पलूसकडच्या एकाची तीच पिकअप, तोच वरचा व्हेरियंट, ऑगस्ट २०२५ चं पासिंग (आरटीओ नोंदणी), फक्त नऊ हजार किलोमीटर. कंत्राट सुटलं म्हणून विकत होता, मागणी पावणेनऊ लाख. एजंट म्हणे बदल जूनमध्ये झाला, गाडी ऑगस्टची आहे, म्हणजे नवीनवाली आहे. आरसी हातात घेतली तर त्यावर पासिंगची तारीख ऑगस्टची पण बनल्याचा महिना मार्च २०२५. लोक आरसीवर पासिंगची तारीख बघतात आणि खाली छापलेला बनल्याचा महिना-वर्ष बघतच नाहीत, आणि खरं काम तोच करतो. पाच महिने कुठल्यातरी यार्डात उभी राहिलेली गाडी होती ती.

त्या गाडीत अजून दोन गोष्टी होत्या ज्या फोटोत दिसत नव्हत्या. पुढे जाड लोखंडी गार्ड ठोकलेलं. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे गार्ड काढायला लावा म्हणून कळवलंय, कारण टक्कर झाल्यावर जी ताकद गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून शोषायची ती गार्ड सरळ चासीवर पाठवतं, आणि एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. पायी चालणारा माणूस समोर आला तर काय होतं ते सांगायलाच नको. आणि दुसरी, मागच्या स्प्रिंगला एक-एक पाटा वाढवलेला. हे आपल्याकडे सर्रास करतात, गाडी बसू नये म्हणून. पण एबीएस नसलेल्या बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक दांडा असतो, तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा. माल भरला की चासी खाली बसते, दांडा फिरतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. पाटा वाढवला की माल भरूनही चासी पुरेशी बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो. दोन टन माल, उतार, आणि सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर. वाशीला जाताना खंबाटकी घाटाचा जुना बोगदा संपला की जो उतार आणि वळण लागतं तिथे काय काय झालंय हे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरला माहितीय, तिथे अशी गाडी घेऊन उतरायचं म्हणजे मला तर ऐकूनच कसंतरी होतं.

पैशाचा हिशोब पण दिसतो तसा नव्हता. विकणाऱ्याने गाडी २८ टक्के जीएसटीने घेतलेली, त्यामुळे तो त्या किमतीवरून घसारा मोजत होता, पण नवीनच गाडी ८० हजारांनी उतरल्यावर जुनीची किंमत पण तेवढी उतरायला पाहिजे ना. एकरकमी कर भरलेला होता हा त्याचा फायदा खरा. पण जुन्या गाडीला कर्जाचा व्याजदर नवीनपेक्षा साडेतीन-चार टक्क्यांनी जास्त सांगितला, त्यात गाडीवर आधीच्या फायनान्सचा बोजा, म्हणजे आधी तिकडचा एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव ट्रान्सफर. सूनबाईने वहीत तीन वर्षांचे हप्ते मांडले तेव्हा दोन्हीतला फरक सव्वा लाखाच्या आसपास आला. पावणेदोन-दोन लाख वाचतायत असं जे वाटत होतं ते नव्हतं.

चौथा पर्याय मी सुचवला, डबल केबिनची गाडी, म्हणजे पाच माणसं आत बसतात. तो का सुचवला ते पुढे येईल. हौदा लहान, माल टनभराच्या आसपासच बसतो, वाशीच्या फेऱ्यांना परवडत नाही म्हणून घरच्यांनी बाजूला ठेवला.

निर्णय कसा झाला

तीन संध्याकाळी घरात यावरच बोलणं. मला जे महत्त्वाचं वाटलं ते असं की वाद एअरबॅगवर मिटला नाही, एबीएसवर मिटला. एअरबॅग म्हणजे मोठ्या टकरीची गोष्ट, ती कुणालाच आपल्यावर येईल असं वाटत नाही. पण रिकामी पिकअप पावसात ब्रेक मारल्यावर मागून कशी फिरते हे थोरल्याने स्वतः अनुभवलेलं. पिकअपचं हेच आहे, भरलेली असताना मागे वजन असतं, रिकामी परत येताना मागची चाकं हलकी, जोरात ब्रेक दाबला की ती लॉक होतात आणि गाडी आडवी. एबीएस चाक लॉकच होऊ देत नाही. हे त्याला यार्डात समजावल्यावर तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला की थांबू.

नंतर बसवून घेता येईल का हा प्रश्न अण्णांनी विचारला, आणि तो अगदी रास्त आहे. रिव्हर्स सेन्सर, कॅमेरा बाहेरून बसवता येतो. एअरबॅग आणि एबीएस नाही. एअरबॅगला वेगळं स्टिअरिंग, टक्कर ओळखणारे सेन्सर, कंट्रोल युनिट, वायरिंग सगळं गाडीच्या रचनेसोबत चाचणी करून ठरवलेलं असतं, एबीएसला प्रत्येक चाकाला सेन्सर आणि हायड्रॉलिक युनिट. गॅरेजवाला करून देतो म्हणाला तरी करू नका.

पाडव्याचा मुहूर्त सोडणं अण्णांना जड गेलं. त्यात कुणी घाई केली नाही, आईंनी सांगितलं की पाडव्याला पूजा ट्रॅक्टरची करू, आणि विषय संपला.

प्रत्यक्ष काय केलं

जुनं बुकिंग रद्द न करता त्याच शोरूमला नवीन पत्र दिलं. त्यात व्हेरियंटचं पूर्ण नाव, ड्रायव्हर एअरबॅग, एबीएस, दोन्ही बेल्टचे अलार्म हे शब्द, आणि गाडी ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर बनलेली असावी, नसेल तर बुकिंगची रक्कम परत, असं सही-शिक्क्यासह घेतलं. सोबत कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला की या व्हेरियंटला हे तिन्ही येतं का ते लेखी कळवा. पहिलं उत्तर अगदी मोघम, जवळच्या डीलरशी संपर्क करा असं. दुसऱ्या ईमेलला यार्डातल्या गाडीचा चासी नंबर दिला तेव्हा कुठे त्या नंबरच्या गाडीत हे फीचर नाहीत असं सरळ उत्तर आलं. चासी नंबर दिला की उत्तर बदलतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मधल्या काळात भावकीतल्या एकाची पिकअप फेरीवर भाड्याने घेतली, डिझेल आणि ड्रायव्हर आपला. नफा जवळजवळ गेलाच, पण वाशीचे दोन व्यापारी तुटले नाहीत.

गाडी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यार्डात आली. तेव्हा एक नवीन सल्ला आला की आता जानेवारीत पासिंग करा म्हणजे २०२६ ची गाडी होईल. होत नाही. पासिंग २०२६ चं झालं तरी बनल्याचं वर्ष आरसीवर २०२५ च राहतं आणि विकताना हुशार गिऱ्हाईक तेच बघतं. हंगाम तोंडावर होता, थांबण्यात काही अर्थ नव्हता.

पूर्ण पैसे आणि पासिंग दोन्हीच्या आधी गाडी पुन्हा तशीच तपासली. चासीच्या पट्टीवर नोव्हेंबर २०२५. स्टिअरिंगवर एसआरएस कोरलेलं. चावी ऑन केल्यावर दोन्ही दिवे लागून विझले. मग फॉर्म २१ (डीलरचा विक्री दाखला) आणि फॉर्म २२ (कंपनीचा गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) वरचा चासी नंबर आणि बनल्याचा महिना गाडीशी जुळवला, आणि तोच नंबर इन्व्हॉइसवर आल्यावरच कर्जाचा चेक गेला. क्रम महत्त्वाचा आहे, एकदा एमएच-१० चा नंबर पडला की गाडी तुमच्या नावावर, मग तक्रार करायला जागा उरते पण गाडी बदलून मिळणं अवघड.

निष्पत्ती

गाडी जानेवारीच्या हंगामाला वेळेवर मिळाली. सूट गेली, महिना-दीड महिन्याची कमाई गेली, सूनबाईच्या वहीत हा फरक ९० हजारांच्या घरात आहे. घरच्यांना तो खर्च वाटतो, आणि आहेच, मी तो कमी करून सांगणार नाही.

फेब्रुवारीत थोरला रात्री रिकामी गाडी घेऊन तासगावकडे येत होता, कवलापूरच्या अलीकडे एक मोटरसायकल शेतातून सरळ रस्त्यावर आली. त्याने ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली पेडल थडथडलं, खडखड आवाज आला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. सकाळी तो वर्कशॉपला घेऊन गेला की ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड आहे. तिथे मेकॅनिकने सांगितलं की बिघाड नाही, एबीएस काम करताना पेडल असंच थडथडतं, तेव्हा पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा. गाडी देताना हे शोरूमने दोन मिनिटं काढून सांगायला हवं होतं. अनोळखी थडथड लागल्यावर घाबरून पाय उचलणारे ड्रायव्हर असतात आणि मग एबीएस असून नसल्यासारखं.

गार्ड बसवलं नाही. पाटा वाढवला नाही, त्यावरून मात्र घरात अजून कुरबुर आहे कारण शेजारचे दोन-अडीच टन टाकतात आणि ही गाडी आरसीवर लिहिलेल्या दीड टनावर थांबते, म्हणजे भाड्याचे पैसे कमी.

वेगळं काय करता आलं असतं

बुकिंग आणि चौकशी उलट्या क्रमाने झाली. जुनी गाडी विकायच्या आधी, सप्टेंबरमध्येच, नवीन गाडीचं व्हेरियंट आणि महिना लेखी विचारला असता तर पितृपक्षात शोरूम रिकामं असताना शांतपणे उत्तर मिळालं असतं आणि वाट बघताना जुनी गाडी हाताशी राहिली असती. ९० हजारातला बराचसा भाग इथेच वाचला असता. मुहूर्त धरायला माझी ना नाही, पण मुहूर्त बुकिंगला धरावा, डिलिव्हरीला धरला की समोरच्याला कळतं की तुम्ही थांबू शकत नाही.

पलूसची गाडी बघायला जाताना एजंटकडून आधी आरसीचा स्पष्ट फोटो मागवला असता तर ती चक्करच वाचली असती. ज्यांना कमी वापरलेलीच घ्यायची आहे, आणि ते वाईट नाही, त्यांनी आरसीवरचा बनल्याचा महिना, स्टिअरिंगचं पॅड, चावी ऑन केल्यावरचे दिवे, बेल्टची लेबल एवढं बघावं, ॲक्सलजवळ वाकून पाटे मोजावेत, आणि चासी नंबरवर काही रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचं काम, बाकी आहे का ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं. रिकॉल पण महिन्यांवरच असतात. २०२१ मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या २९,८७८ पिकअप एक फ्लुइड पाइप बदलायला परत बोलावल्या होत्या. पहिल्या मालकाने ते काम करून घेतलंय की नाही हे दुसऱ्या मालकाला आपोआप कळत नाही. इन्शुरन्सचं एक माझ्याकडून: नाव ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज करा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याचबरोबर जातो, तो किमतीत धरू नका.

जुनी विरुद्ध नवीन हा हिशोब सूनबाईने शेवटी मांडला तो पहिल्या दिवशी मांडायला हवा होता, व्याजदर धरून. फक्त गाडीची किंमत समोर ठेवली की वापरलेली गाडी नेहमीच स्वस्त दिसते.

आणि डबल केबिनचा विषय मी का काढला होता ते. एअरबॅग एका माणसाची, ड्रायव्हरची. पुढे मधल्या सीटला या नवीन गाडीत पण कमरेचाच पट्टा आहे. पण हंगामात छाटणीला, काढणीला टोळी आणायची ती कशात? सगळीकडे हौद्यात. दहा-बारा बायका उभ्या, वरच्या पाइपला धरून, कडेला एखादं लहान पोर. या घरातही तेच चालत आलेलं. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत बसला तर मोटार वाहन कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्याला कव्हर आहे, पण बागेत कामाला निघालेल्या बायकांना हौद्यात बसवलं तर पॉलिसी त्यांना धरत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच असे प्रवासी विमा कंपनीची जबाबदारी नाहीत असं स्पष्ट केलंय. म्हणजे अपघात झाला तर त्यांच्या घरी काही पोचायचं ते अण्णांच्या सातबाऱ्यातूनच, आणि नाही पोचलं तर नाहीच. आम्ही तीन संध्याकाळी ड्रायव्हरच्या सीटवर बोललो आणि हौद्यातल्या माणसांवर शेवटी दहा मिनिटं. चर्चा तिथून सुरू व्हायला हवी होती, कारण त्या बायकांना निवड करायला कुणी विचारत नाही.

या हंगामात टोळीच्या मुकादमाशी बोलून शेजारच्या तीन बागायतदारांनी मिळून एक प्रवासी परमिटची क्रूझर रोजाने लावली. खर्च एकरावर वाटून घेतला, दर बाईमागे रोजचे पंधरा-वीस रुपये जास्त पडतात. चौथ्या बागायतदाराने नकार दिला, त्याची टोळी अजून हौद्यातूनच येते. अण्णा म्हणतात पुढच्या छाटणीला त्याला पुन्हा विचारणार, सोबत मी पण जाणार आहे आणि पॉलिसीची प्रत घेऊन जाणार आहे.